हरलेले गलबतांत बसून गेले, राहिले ते इथलेच

वसईचा किल्ला तुम्ही तिथं न जाताही पाहिलेला असू शकतो. कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या व्हिडिओतला काही भाग इथला आहे. हिंदी सिनेमांची गाणी इथं झाली, मालिका झाल्या, आणि लग्नाआधीच्या फोटोशूटबद्दल तर बोलायलाच नको. छप्पर उडालेलं चर्च, भिंतीतून वर आलेलं झाड, दगडी कमान आणि कमानीत घेरदार गाऊनमधली नवरी. किल्ल्याचा पसारा सुमारे ११० एकरांचा, पण फोटो काढायला माणसं हटकून चर्चच्या अवशेषांपाशीच थांबतात.

याच किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, पुतळा आहे. रीलमध्ये तो क्वचितच दिसतो. मे महिन्यात विजयोत्सव असतो तेव्हा हार चढतात, घोषणा होतात, भाषणं होतात. एरवी तिथं झाडाखाली बसलेली जोडपी आणि दमून टेकलेले सहलवाले. म्हणजे एकाच तटबंदीच्या आत दोन गोष्टी आहेत. एक, जिचे फोटो सगळे काढतात पण जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुसरी, जिच्याबद्दल वर्षातून एकदा सगळे बोलतात आणि उरलेले दिवस तिच्याकडे कुणी बघत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे त्या स्मारकापाशी उभं राहून कळत नाही. माझी तक्रार नेमकी तिथं आहे.

कविता किंवा कादंबरी वाचताना आपण विचारतो: बोलतंय कोण, कुणाशी, आणि गोष्टीतून कुणाला वगळलंय? स्मारकालाही हेच प्रश्न विचारता येतात. शिल्पाचे हातपाय प्रमाणात आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे स्मारकावरची चर्चा मात्र उंची किती आणि खर्च किती यापुढे सहसा जात नाही.

चिमाजी अप्पांचा पुतळा जे वाक्य बोलतो ते खोटं नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं हा किनारा त्यांच्याकडे होता. त्या काळात देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, गोव्याच्या धर्मन्यायालयाचा हात इथवर पोहोचला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टी-वसईची मोहीम सुरू झाली. ती संपायला मे १७३९ उजाडला. तटाखाली सुरुंग खणले गेले, काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि पुढे घुसलेल्या आपल्याच माणसांखाली फुटले. मराठ्यांची हजारो माणसं पडली. शेवटी किल्ला आला. निर्मळची देवस्थानं पेशवाईत पुन्हा उभी राहिली. वज्रेश्वरीला बोललेला नवस फेडायला चिमाजी अप्पांनी देऊळ बांधवलं, त्याचा दर्शनी भाग आणि पायऱ्या आजही एखाद्या किल्ल्यासारख्या दिसतात. ज्यांच्या देवळांवर घाव पडले होते त्यांच्यासाठी हा विजय खरा होता. त्याचा उत्सव करू नका असं म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तसा विचारही नाही.

(‘बाजीराव मस्तानी’ पाहून चिमाजी म्हणजे मस्तानीला विरोध करणारा धाकटा भाऊ, एवढीच ज्यांची ओळख आहे, त्यांनी य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ मिळवून वाचावं. या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्या पडद्यावर आलंच नाही. विजयानंतर दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, डिसेंबर १७४० मध्ये, तो गेला.)

अडचण पुढच्या वाक्यात आहे, जे पुतळा बोलत नाही. किल्ला पडल्यावर काय झालं? शरणागतीच्या अटी ठरल्या. पोर्तुगीज शिपाई आणि अधिकारी ठरलेल्या मुदतीत, इतमामानं, आपल्या बायकामुलांसह आणि सामानासह गलबतांत बसून निघून गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा त्या अटींतच होती. हे मागे राहणारे कोण होते? गास, नंदाखाल, आगाशी, भुईगावचे शेतकरी. पाचूबंदर आणि किल्लाबंदरचे कोळी. पानवेलीचे आणि केळीचे मळे करणारे, सुकेळी वाळवणारे, बावखलाचं पाणी बागेला देणारे. त्यांच्या आज्यापणज्यांचा बाप्तिस्मा पोर्तुगीजांनी केला होता, पण ते काही लिस्बनहून आले नव्हते. हरलेले गेले. राहिले ते इथलेच.

विजयाच्या स्मारकाला दोनच बाजू लागतात: जिंकणारे आपण आणि हरलेले ते. १७३९ साली ‘ते’ म्हणजे पोर्तुगीज फौज होती. ती गेली आणि ‘ते’ची जागा रिकामी राहिली. रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. पुतळ्यासमोर केलेलं एखादं भाषण जरा उतावळं असलं की त्या जागेवर शेजारच्या गावातला डिसोझा, लोपीस नाहीतर परेरा आणून बसवला जातो. तो बिचारा घरी सामवेदी बोलतो, म्हणजे कादोडी. त्याची आजी परवापरवापर्यंत लाल लुगडं नेसत होती. त्याच्या लग्नातली गाणी मराठीच्याच एका जुन्या बोलीतली आहेत. किल्ल्यातल्या त्या पडक्या चर्चशी त्याचं नातं पराभूताचं नाही, पण स्मारकात त्याला उभं राहायला दुसरी जागाच ठेवलेली नाही.

उपनगरातलं स्मारक वेगळ्या तऱ्हेनंही बांधता येतं का? एक उदाहरण फार लांबचं आहे, पण ते तपासून पाहण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मॉन्टेबेलो नावाचं उपनगर आहे. तिथल्या बिकनेल पार्क या सार्वजनिक बागेत आर्मेनियन हुतात्म्यांचं स्मारक आहे. आर्मेनियन लोक मुंबईला अगदी परके नाहीत. फोर्टात, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, १७९६ सालचं त्यांचं सेंट पीटर चर्च आहे. तुम्ही त्याच्यासमोरून चहा पीत गेला असाल. १९१५ च्या २४ एप्रिलला ऑटोमन राजवटीनं इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी पकडून नेले, आणि मग गावंच्या गावं वाळवंटाकडे हाकलली गेली. मेलेल्यांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. जे वाचले ते जगभर पांगले. त्यातले काही कॅलिफोर्नियात आले. १९६५ साली पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी स्मारकाचं ठरवलं आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये ते उभं राहिलं. हरांत अगबाबियान यांनी केलेली ही रचना ७५ फूट उंच आहे. आठ कमानींवर तोललेला काँक्रीटचा मनोरा, त्याचं टोक आर्मेनियन चर्चच्या घुमटासारखं निमुळतं. घोडा नाही, तलवार नाही, कुणाचाही चेहरा नाही.

वसईत वंशसंहार झाला नव्हता. तुलना तेवढ्यापुरती नाहीच. मला रस आहे तो त्या स्मारकाच्या व्याकरणात. ते ज्या जमिनीसाठी आहे ती जमीन तिथून हजारो मैलांवर आहे. ज्यांनी बांधलं त्यांची मुलं आता बहुतेक ग्लेनडेलसारख्या दुसऱ्या उपनगरांत राहतात. मॉन्टेबेलोत आज बहुसंख्य वस्ती लॅटिनो आहे, मेक्सिकोतून आलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची. २४ एप्रिलला आर्मेनियन माणसं फुलं घेऊन येतात, बाकी वर्षभर त्या बागेत आसपासची कुटुंबं डबे उघडून बसतात. अशा ठिकाणी ‘आमचं दुःख’ एवढंच लिहून ठेवलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. पण तिथल्या फलकावर आर्मेनियन बळींच्या जोडीला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत बळी गेलेल्या सर्व राष्ट्रांतल्या माणसांचाही उल्लेख आहे.

हा उल्लेख कुणाला सभ्यपणाचा उपचार वाटेल. मला तो सगळ्या रचनेतला सर्वांत हुशार भाग वाटतो. त्यामुळे शेजारी राहणाऱ्याला तिथं उभं राहायला जागा मिळाली. ग्वाटेमालातून किंवा एल साल्वादोरमधून यादवीला कंटाळून पळून आलेल्या माणसाला त्या कमानीखाली ‘हे माझं नाही’ असं म्हणायचं कारण उरलं नाही. आणि हे सगळं सरकारी मान्यतेच्या कितीतरी आधी. अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी या संहाराला नाव देणारे ठराव केले ते २०१९ मध्ये, बागेतला मनोरा उभा राहून एक्कावन्न वर्षं झाल्यावर. अर्थात दोष तिथंही आहे. काँक्रीटचा एवढा उंच मनोरा लांबून पाण्याच्या टाकीसारखा वाटू शकतो, आणि चेहरा नसलेल्या स्मारकापुढे लहान मुलाला काय सांगायचं हा प्रश्न उरतोच.

परत वसईत येऊ. आपल्या स्मारकाला शोक करताच येत नाही, असं मला वाटू लागलं आहे. दुसऱ्यांचा तर सोडाच, स्वतःच्या माणसांचाही नाही. ज्या सुरुंगांत मराठ्यांचे शिपाई आपल्याच दारूनं उडाले, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, ठीक. पण ते होते, एवढं तरी स्मारकानं सांगायला हवं ना? तटाखाली पडलेला मावळा, खंदक खणणारा बेलदार, तोफा ओढणारे बैलवाले. सेनापतीचा पुतळा बघताना यातलं कुणीच आठवत नाही. विजयाचं स्मारक जिंकलेल्यांच्या मेलेल्यांनाही विसरतं, ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. ख्रिस्ती गावांचा मुद्दा काढला की निदान वाद तरी होतो.

वसईच्या लढाईची खरी स्मारकं मला किल्ल्याबाहेर सापडतात. विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीची घंटा १७०७ सालची आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. ती घंटा बांधणाऱ्याच्या मनात काय होतं? लूट होती, अभिमान होता, चांगल्या धातूची कदरही असेल. त्यानं ती वितळवली नाही, मारियेची आकृती घासून काढली नाही. त्यामुळे आज नदीकाठी ती घंटा दोन्ही गोष्टी एकदम सांगते: ही कुणाकडून तरी हिसकावलेली आहे, आणि तरी ती वाजते ती आपल्याच देवासाठी. तिच्यापुढे एक हिंदू आणि एक कुपारी एकत्र उभे राहू शकतात, आणि दोघांनाही आपापलं काही आठवू शकतं. कुणी ठरवून एवढं चांगलं स्मारक बांधलं नसतं.

हे सगळं इतिहासाचं झालं, आताच्या माणसांना त्याचं काय, असा प्रश्न येईल. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईचा माणूस, ‘सुवार्ता’चा अनेक वर्षं संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला लेखक. बिल्डरांच्या झपाट्यापासून वसईची हिरवाई वाचवायला निघालेल्या हरित वसई संरक्षण समितीचा चेहरा. ज्यानं ही जमीन, हे पाणी, ही भाषा यांच्यासाठी आयुष्य घालवलं, त्याच्या निवडीला विरोध झाला तो धर्मगुरू असण्यावरून. लेखनावर बोलणारे थोडे होते, झग्यावर बोलणारे जास्त. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झालं, दिब्रिटो बोलले, २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. पण ‘ते’ची रिकामी जागा कशी भरली जाते, याचा याहून स्वच्छ दाखला मला देता येणार नाही. त्या विरोधामागे वसईचा पुतळा नव्हता, हे उघड आहे. मात्र पुतळा आणि विरोध या दोघांमागचं व्याकरण एकच आहे.

आणि आता तर हिशेब फक्त कुपारी, वाडवळ, आगरी, कोळी आणि डोंगराकडचे वारली एवढ्यांचा राहिलेलाच नाही. २००९ मध्ये वसई, नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. गावांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, गुजरातमधून, केरळातून आलेली माणसं. मुंबईत परवडेना म्हणून आलेली. विरारहून मुंबईकडे लोकल १८६७ पासून धावते आहे आणि हे सगळं शहर त्या रुळांना लोंबकळून उभं आहे. चार बत्तीसच्या किंवा पाच सत्तावन्नच्या गाडीला लटकणाऱ्या माणसाला १७३९ शी काय घेणं आहे? तो किल्ल्यात रविवारी मुलांना घेऊन जातो, पुतळ्यापुढे फोटो काढतो, घरी येतो. स्मारक त्याच्याशी बोललंच नाही.

त्याला मात्र आठवण्यासारखं काही नाही असं नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात डब्यांत स्फोट झाले तेव्हा त्या डब्यांत कामावरून घरी निघालेली माणसं होती. बोरिवली, मीरा रोड, भाईंदर, वसई, विरारची. १८० हून अधिक गेली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षा झालेल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, मग सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. म्हणजे कुणी केलं याचं उत्तर एकोणीस वर्षांनीही पक्कं नाही. उपनगराचं दुःख असंच असतं: त्याला रणांगण नसतं, सेनापती नसतो, रोजच्या वेळापत्रकातली एक गाडी असते. मॉन्टेबेलोसारखी चेहरा नसलेली, कमानीखाली कुणालाही उभं राहू देणारी जागा हवी असेल तर ती या गाड्यांच्या शहराला हवी.

बाहेरून आलेली माणसं जुन्या स्मारकाला आपलं करू शकतात का? वसई-विरारमध्येच याचं उत्तर आहे. नालासोपाऱ्यात, पूर्वीच्या शूर्पारकात, एक स्तूप आहे. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी करंडक निघाला, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जपून पुरलेले. भोवती आठ बुद्धमूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावात नवव्याचा. १९५६! त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. शेकडो वर्षं ज्या स्तूपाला ‘बौद्ध’ म्हणून ओळखणारंच कुणी आसपास उरलं नव्हतं, तिथं आता बुद्धपौर्णिमेला विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईत आणि मुंबईतून नालासोपाऱ्यात आलेल्या घरांतली माणसं येतात. त्यांचे पूर्वज सोपाऱ्याचे नव्हते. जागा मात्र त्यांची झाली. तिथं जिंकल्याहरल्याची भाषा नाही, म्हणूनच हे झालं असावं असा माझा अंदाज आहे. भिक्षापात्राचे तुकडे कुणाला हरवत नाहीत.

चिमाजी अप्पांचा पुतळा हलवा असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी काय असायला हवं, याबद्दल मी बोलतो आहे. किल्ल्यातल्या फलकावर दोन वाक्यं वाढवायला काय लागतं? एक, इथं पडलेल्या हजारो निनावी माणसांबद्दल. दुसरं, मागे राहिलेल्यांबद्दल. तटाला लागून पाचूबंदरच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, तिथले लोक कोण आणि कधीपासून इथं आहेत, एवढं सांगितलं तरी रविवारी आलेल्या मुलाला किल्ला वेगळा दिसेल.

वसईच्या एका माणसाला अशी जागा मिळाली आहे, फक्त ती वसईपासून फार दूर आहे. गोन्सालो गार्सियाचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथं झाला, बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, लहान वयात जपानला गेला, व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन झाला, जपानी चांगली येत होती म्हणून दुभाष्याचं काम करू लागला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर मारलं गेलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. गासच्या चर्चला आणि वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये शिल्पकार फुनाकोशी यांनी या सव्वीस जणांच्या ब्राँझच्या मूर्ती एका लांब भिंतीवर ओळीनं उभ्या केल्या. त्यांना क्रूस नाहीत. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. ओळीत सगळे एकाच रेषेत, कुणी पुढे नाही, कुणी उंच चौथऱ्यावर नाही. त्यात बारा वर्षांचा एक जपानी मुलगा आहे, आणि वसईचा दुभाष्याही आहे.